आयऑक्टल फसतंय? ड्रायव्हरला दोष देण्याआधी हे तपासा

लिनक्सवर किंवा युनिक्सच्या कुठल्याही भावंडावर सी मध्ये काम करणाऱ्याला आयऑक्टल, म्हणजे डिव्हाइसला कमांड देणारं फंक्शन, टाळता येत नाही. सिरीयल पोर्टचा वेग, टर्मिनलची रुंदी, कॅमेऱ्याचं रिझोल्यूशन, डिस्कचा आकार असं रीड आणि राइटमध्ये न बसणारं सगळं याच एका फंक्शनच्या गळ्यात पडलेलं आहे. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये ते आलं आणि तेव्हापासून प्रत्येक ड्रायव्हर लिहिणाऱ्याने त्यात स्वतःची भर घातली. म्हणून यातला बिघाड दरवेळी नवा आणि चमत्कारिक वाटतो. खोलात गेलं की बहुतेक वेळा तेच मोजके दोष निघतात. ते मी ज्या क्रमाने तपासतो, त्याच क्रमाने इथे लिहितोय. आधी फुकटातल्या तपासण्या येतील, वेळखाऊ नंतर.

## लक्षणं

- लॉगमध्ये "इनअ‍ॅप्रोप्रिएट आयऑक्टल फॉर डिव्हाइस" दिसतं. मसल या सी लायब्ररीवर हाच संदेश "नॉट अ टीटीवाय" असा छापला जातो. दोन्हीमागे कोड एकच आहे, ईनोटीटीवाय. लिनक्सवर त्याचा क्रमांक २५.
- "इनव्हॅलिड आर्ग्युमेंट" किंवा "बॅड अ‍ॅड्रेस" येतं, आणि तोच सोर्स दुसऱ्या मशीनवर बिनतक्रार चालतो.
- हाताने चालवलं तर चालतं. क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप), कंटेनरमधून किंवा पाइप लावून चालवलं की फसतं.
- ६४ बिटची बायनरी ठीक असते, त्याच कर्नेलवर ३२ बिटची नापास होते.
- एरर काहीच नाही, पण हाती आलेले आकडे निरर्थक आहेत. किंवा कॉलनंतर भलतंच व्हेरिएबल बदललेलं आहे.
- कॉल परतच येत नाही, आणि किल -९ देऊनही प्रोसेस मरत नाही.

शेवटचं लक्षण असेल तर मधलं सगळं सोडा आणि थेट अखेरच्या भागाकडे जा. बाकीच्यांसाठी आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करायची. सी लायब्ररी इथे जवळजवळ काहीच करत नाही. तुम्ही दिलेल्या तीन गोष्टी, म्हणजे डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलचा क्रमांक), कमांडचा नंबर आणि तिसरं आर्ग्युमेंट, ती जशाच्या तशा कर्नेलला देते. कर्नेलकडून उणे किंमत आली तर ती उलट चिन्हाने एररनो या व्हेरिएबलमध्ये ठेवते आणि तुम्हाला उणे एक देते. दोष बहुतेक वेळा या तिघांपैकी एकात असतो. लायब्ररी खरोखर मध्ये पडते असे थोडे अपवाद आहेत, ते पुढे येतील.

## एरर खरंच आलाय का?

हा प्रश्न मी सगळ्यात आधी विचारतो, कारण अनेक तक्रारी इथेच मिटतात.

एररनो यशस्वी कॉलनंतर पुसलं जात नाही. मागच्या कुठल्या तरी कॉलने ठेवलेली किंमत तिथेच पडून राहते. फाइल उघडली की ती टर्मिनल आहे का हे बघण्याची सवय कित्येक भाषांच्या रनटाइमला असते. पर्ल हे करतं, आणि जीलिबसी ही लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररीसुद्धा आउटपुट एखाद्या कॅरॅक्टर डिव्हाइसकडे जात असेल तर बफर ठरवण्याआधी तेच विचारतं. ही विचारणा म्हणजे टीसीगेट्स नावाचा आयऑक्टल. समोर साधी फाइल असली की उत्तर ईनोटीटीवाय येतं, रनटाइम "बरं, टर्मिनल नाही" असं समजून पुढे जातो, आणि एररनोमध्ये २५ राहून जातो.

मग तुमचा कोड पुढे कुठे तरी, आयऑक्टलशी काडीचा संबंध नसलेल्या जागी, परत आलेली किंमत न तपासता पी-एररने एररनोचा संदेश छापतो. डेटाबेसचं कनेक्शन तुटलेलं असतं आणि लॉग म्हणतो, डिव्हाइसला न शोभणारा आयऑक्टल. माणूस दिवसभर ड्रायव्हर चाळत बसतो.

तपासायचं असं: संदेश छापणारी ओळ शोधा. तिच्या लगेच वरच्या कॉलने उणे एक दिला होता का, आणि त्या दोघांच्या मध्ये दुसरा कुठला कॉल आहे का? लॉग लिहिणारं फंक्शनसुद्धा एररनो बदलू शकतं, म्हणून किंमत आधी स्थानिक व्हेरिएबलमध्ये घ्या आणि मग छापा.

आणखी एक. यश म्हणजे शून्यच, असं धरू नका. काही कमांड यशस्वी झाल्यावर शून्याहून मोठी किंमत देतात, त्यामुळे तुलना उणे एकशीच करायची. ईइंटर आला तर सिग्नलने कॉल तोडला एवढाच त्याचा अर्थ, तेव्हा कॉल पुन्हा करा. व्हिडिओ आणि ग्राफिक्सच्या कोडमध्ये आयऑक्टलभोवती असं छोटं लूप दिसतं ते याचसाठी. पण सरसकट प्रत्येक एररवर पुन्हा प्रयत्न करणारं लूप लिहू नका, त्यात खरा दोष झाकला जातो.

## डिस्क्रिप्टर कशाकडे जातोय?

आता एस्ट्रेस, म्हणजे कर्नेलकडे जाणारे कॉल दाखवणारं साधन, बाहेर काढा. फक्त आयऑक्टलचे कॉल दाखव असं त्याला सांगा आणि "-वाय" हा पर्याय द्या. मग प्रत्येक डिस्क्रिप्टरच्या शेजारी तो ज्या फाइलकडे जातो तिचा पाथ छापला जातो. नुसता आकडा ३ बघून काहीच कळत नाही. त्याच्या शेजारी पाइप किंवा डेव्ह-नल लिहिलेलं दिसलं की अर्धं उत्तर मिळालं.

टर्मिनलच्या कमांड पाइपवर किंवा साध्या फाइलवर चालत नाहीत. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी विसरलं जातं, कारण हाताने चालवताना टर्मिनल आपोआप असतं. क्रॉनमध्ये ते नसतं. कंटेनरमध्ये मागितल्याशिवाय मिळत नाही. एसएसएचवरून दूरच्या मशीनवर थेट एखादी कमांड चालवली तरी मिळत नाही, त्यासाठी "-टी" द्यावं लागतं.

याच जातीची दोन गाऱ्हाणी इतक्यांदा आली आहेत की ती वेगळी सांगतो. पहिलं डिजिटल सही करणाऱ्या जीपीजीचं. सही करताना ते "इनअ‍ॅप्रोप्रिएट आयऑक्टल" म्हणून थांबतं, कारण पासफ्रेज विचारणाऱ्या प्रोग्रामला कुठल्या टर्मिनलवर विचारायचं ते कळत नाही. शेलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये जीपीजी_टीटीवाय या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये टीटीवाय कमांडचं उत्तर ठेवून ते एक्सपोर्ट केलं की प्रश्न संपतो. दुसरं "मेस्ज: टीटीवायनेम फेल्ड" असं. रूटच्या प्रोफाइल फाइलमध्ये टर्मिनल आहे की नाही हे न बघता "मेस्ज एन" (इतरांचे संदेश बंद करणारी कमांड) लिहिलेलं असतं. त्याच्या आधी "टीटीवाय -एस" ही अट घाला. दोन्ही ठिकाणी तुमच्या प्रोग्रामचा काहीही दोष नाही.

टर्मिनलची रुंदी विचारणारा कोड तुम्ही स्वतः लिहिला असेल तर फक्त स्टँडर्ड आउटपुटला विचारून थांबू नका. वापरणारा आउटपुट लेस किंवा ग्रेपमध्ये पाठवणारच. आउटपुटला विचारा, मग एररच्या डिस्क्रिप्टरला, मग डेव्ह-टीटीवाय उघडून, आणि कुठेच जमलं नाही तर ८० धरा. यात एक छुपी खोच आहे. सिरीयल कन्सोलवर हा कॉल यशस्वी होतो, पण शून्य ओळी आणि शून्य रकाने सांगतो, कारण पलीकडचा पडदा केवढा आहे हे कर्नेलला कुणी सांगितलेलंच नसतं. त्या शून्याने भागाकार करणारे प्रोग्राम मी पाहिलेत.

एस्ट्रेसवर एका बाबतीत पूर्ण विसंबू नका. तो कमांडचं नाव नंबरवरून ठरवतो, आणि नंबर सगळीकडे वेगळे असतीलच असं नाही. टीसीगेट्सचा नंबर एक्स८६ वर ०एक्स५४०१ आहे. जुन्या साउंड ड्रायव्हरच्या एका टायमर कमांडच्या नंबरचे खालचे १६ बिटही नेमके तेच आहेत. एस्ट्रेसच्या जुन्या आवृत्त्या तेवढेच बिट बघायच्या आणि अशा वेळी दोन्ही नावं "किंवा" घालून छापायच्या, आणि टर्मिनलच्या प्रोग्राममध्ये साउंडची कमांड कुठून आली म्हणून लोक चक्रावून जायचे. पाथ आणि नाव दोन्ही मिळून वाचा.

"बॅड फाइल डिस्क्रिप्टर" येत असेल तर ओपन फसलंय आणि उणे एकच आयऑक्टलला दिला गेलाय, हे आधी बघा. ओपन नीट झालं असेल आणि तरीही हाच एरर असेल, तर फाइल ओ-पाथ फ्लॅगने उघडली आहे का ते पाहा. तसा डिस्क्रिप्टर फाइलची जागा दाखवण्यापुरता असतो, त्यावर आयऑक्टल चालत नाही.

## परवानगी

इथे फार वेळ घालवू नका, पण वगळूही नका. डिव्हाइस फक्त वाचण्यासाठी उघडलं असेल तर सेटिंग बदलणाऱ्या काही कमांड नाकारल्या जातात. नेटवर्क इंटरफेसचा पत्ता बदलायला कॅप-नेट-अ‍ॅडमिन लागतं. सिरीयल पोर्टसाठी डेबियनमध्ये डायलआउट गटात, आर्चमध्ये यूयूसीपी गटात असावं लागतं. गटात नाव घातल्यावर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन केल्याशिवाय ते लागू होत नाही.

रूट असूनही नकार मिळत असेल तर मध्ये कुणीतरी पहारा देतंय. सेककॉम्प या कर्नेलच्या सुविधेचा फिल्टर कमांडच्या नंबरवरून कॉल अडवू शकतो. अँड्रॉइडमध्ये एसईलिनक्स ही सुरक्षा यंत्रणा कुठल्या प्रोसेसला कुठली कमांड चालेल, इतक्या बारकाईने ठरवतं. नकार दिला की कर्नेलच्या लॉगमध्ये त्या कमांडच्या नंबरासकट ओळ पडते, म्हणून डीमेसेज बघा. लिनक्स ६.१० पासून लँडलॉक या निर्बंध घालणाऱ्या यंत्रणेलाही डिव्हाइसवरचे आयऑक्टल अडवता येतात. टर्मिनलच्या इनपुटमध्ये अक्षरं घुसवणारी टीआयओसी-एसटीआय ही जुनी कमांड तर ६.२ पासून कर्नेल बांधतानाच बंद ठेवता येते. तसं केलेलं असेल तर ईआयओ (इनपुट-आउटपुट एरर) मिळतो आणि लोक हार्डवेअर तपासायला घेतात.

## कमांडचा नंबर

डिस्क्रिप्टर बरोबर, परवानगी आहे, तरी ईनोटीटीवाय. याचा अर्थ ड्रायव्हर म्हणतोय, हा नंबर माझ्या ओळखीचा नाही. काही ड्रायव्हर अनोळखी नंबरवर "इनव्हॅलिड आर्ग्युमेंट" देतात, आणि जुनी कर्नेलंही तेच द्यायची. म्हणून त्याचा कोड ईइन्व्हॅल आला तरी हा भाग वाचा.

नवीन धाटणीचा नंबर ३२ बिटांचा असतो आणि त्यात माहिती भरलेली असते. खालचे ८ बिट म्हणजे कमांडचा अनुक्रमांक, त्यावरचे ८ ड्रायव्हरच्या गटाचं अक्षर, मग १४ बिट स्ट्रक्चरच्या आकाराचे आणि वरचे २ दिशेचे. ०एक्स८००४५४३० घ्या. शेवटचा ३० हा अनुक्रमांक. ५४ म्हणजे आस्की कोष्टकातलं कॅपिटल टी, म्हणजे टर्मिनलचा गट. आकार ४ बाइट. वरची दिशा २, म्हणजे वाचणे. ही स्यूडो टर्मिनलचा क्रमांक विचारणारी कमांड आहे. दिशा प्रोग्रामच्या बाजूने मोजतात, म्हणजे "वाचणे" असेल तेव्हा कर्नेल तुमच्या मेमरीत लिहितो. हे उलटं समजून बनवलेली हेडरं मी बऱ्याचदा पाहतो.

हे हाताने सोडवता येणं फार उपयोगी आहे. एस्ट्रेसला नाव सापडलं नाही तर तो हेच चार भाग मोकळे करून दाखवतो. त्यातला आकार तुमच्या स्ट्रक्चरच्या साइझऑफशी जुळतो का ते बघा. जुळत नसेल तर दोष सापडला.

न जुळण्याचं सगळ्यात सामान्य कारण असं. नंबर बनवणाऱ्या मॅक्रोला तिसऱ्या जागी टाइप द्यायचा असतो, लोक साइझऑफ देतात. मॅक्रो आत स्वतःच साइझऑफ लावतो, त्यामुळे आकार तुमच्या स्ट्रक्चरचा न होता साइझ-टी चा, म्हणजे साइझऑफच्या उत्तराच्या टाइपचा, होतो: ६४ बिटवर ८, ३२ बिटवर ४. कर्नेलच्या आत बांधताना ही चूक कंपायलर पकडतो, यूजरस्पेसच्या (कर्नेलबाहेरच्या) हेडरमध्ये तशी चाळणी नाही. ड्रायव्हरकडचा नंबर एक आणि तुमच्याकडचा दुसरा, की झालाच ईनोटीटीवाय. गंमत म्हणजे खुद्द कर्नेलमध्ये ही चूक कायमची कोरली गेली आहे. डिस्कचा आकार बाइटमध्ये सांगणाऱ्या ब्लॉक-गेट-साइझ-६४ या कमांडच्या नंबरमध्ये साइझ-टी आहे, पण ती लिहिते मात्र नेहमी ८ बाइट. जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून ते तसंच ठेवलंय. ३२ बिटवर कुणी हेडर वाचून, विश्वासाने साइझ-टी चं व्हेरिएबल दिलं, तर पुढच्या ४ बाइटवर काय होतं ते तुम्हीच ओळखा. लक्षणांमधलं "भलतंच व्हेरिएबल बदललं" ते हेच.

फाइलचे फ्लॅग वाचणारी कमांड याची उलटी बहीण आहे. हेडर म्हणतं लाँग, प्रत्यक्षात लिहिला जातो इंट. ६४ बिटवर लाँग दिला तर वरचा अर्धा भाग जुन्या कचऱ्यासकट तसाच राहतो. अशा ठिकाणी हेडर सोडून त्या कमांडचं मॅन पान वाचायचं.

नंबर कधीही हाताने कोडमध्ये लिहू नका. टीसीगेट्स एक्स८६ आणि आर्मवर ०एक्स५४०१ असला तरी पॉवरपीसी आणि मिप्सवर वेगळा आहे. त्या दोघांवर आकाराला १३ आणि दिशेला ३ बिट दिलेले असतात. बीएसडीमध्ये तर दिशेचे बिटच वेगळे आहेत. तिथे आकार आणि दिशा वाचून कर्नेल स्वतःच मेमरीची ने-आण करतो, लिनक्समध्ये ते काम ड्रायव्हरचं असतं. एका सिस्टिमवरचा नंबर दुसरीवर चिकटवणं हा नशिबाचा खेळ आहे.

मसलकडे वळलेल्यांना कंपायलर इशारा देतो, की रूपांतरात किंमत मावत नाही. जीलिबसीमध्ये नंबर अनसाइन्ड लाँग आहे, मसलमध्ये पॉझिक्सप्रमाणे इंट. वाचणाऱ्या कमांडचा सगळ्यात वरचा बिट १ असल्याने इंटमध्ये ती उणे होते. लिनक्स कर्नेल खालचे ३२ बिटच बघतो, म्हणून थेट कॉलवर याचा काही परिणाम होत नाही. त्रास तेव्हा होतो, जेव्हा मध्ये कुणी हा इंट ६४ बिटच्या व्हेरिएबलमध्ये घेतो. चिन्हासकट तो रुंदावतो, वरचे सगळे बिट १ होतात, आणि कोष्टकातल्या नंबरशी तुलना कधीच जुळत नाही. प्रीलोड करून आयऑक्टल अडवणाऱ्या लायब्ररींमध्ये हे हटकून सापडतं. तुलनेआधी अनसाइन्ड इंटमध्ये घ्या. फ्रीबीएसडीचा कर्नेल असा रुंदावलेला नंबर दिसला की लॉगमध्ये तक्रार नोंदवून वरचे बिट स्वतःच कापतो.

## तिसरं आर्ग्युमेंट

"बॅड अ‍ॅड्रेस" म्हणजे पत्ता चुकला. पॉइंटरचा पत्ता दिला का, की पॉइंटर? कमांडला साधा आकडा हवा होता आणि तुम्ही पत्ता दिला का, की त्याच्या उलट? टर्मिनलचा बफर रिकामा करणारी टीसीएफएलएसएच आकडा घेते, वाचायला किती बाइट शिल्लक आहेत ते सांगणारी एफआयओएनरीड इंटचा पत्ता घेते. तिसऱ्या जागेला टाइपच नसल्याने कंपायलर इथे मदत करत नाही.

"इनव्हॅलिड आर्ग्युमेंट" येत असेल आणि स्ट्रक्चर स्टॅकवर असेल, तर भरण्याआधी मेमसेटने शून्य करा. नव्या ड्रायव्हरांमध्ये राखीव जागा शून्य नसेल तर कॉल नाकारायची पद्धत आहे, म्हणजे पुढे त्या जागेला अर्थ देता येतो. हा दोष सर्वांत फसवा, कारण स्टॅकवर योगायोगाने शून्य असेल त्या दिवशी सगळं चालतं. डीबग बिल्ड चालते आणि रिलीज फसते, असं कुणी म्हणालं की मी आधी मेमसेट शोधतो.

३२ आणि ६४ बिटचं भांडणही इथलंच. स्ट्रक्चरमध्ये लाँग किंवा पॉइंटर असेल तर दोन्हीकडे आकार वेगळा, म्हणून नंबरही वेगळा. ३२ बिट प्रोसेससाठी ड्रायव्हरने वेगळं भाषांतर करणारं फंक्शन दिलेलं असावं लागतं. ते नसेल तर तुमच्याकडून काहीही केलं तरी उपयोग नाही. स्वतःचं स्ट्रक्चर बनवत असाल तर ठरावीक रुंदीचे टाइप वापरा, आणि ६४ बिटचे सदस्य ८ च्या पटीवर येतील अशी रिकामी जागा स्वतः भरा. ३२ बिट एक्स८६ वर स्ट्रक्चरमधला ६४ बिटचा सदस्य ४ च्या पटीवर बसतो, ३२ बिट आर्मवर ८ च्या. त्यामुळे "३२ बिटवर तपासलं" या वाक्याला एकट्याने काही अर्थ नाही.

## लायब्ररी मध्ये पडते तेव्हा

आता राहिलेले अपवाद. इथपर्यंत फार थोडे जण पोहोचतात.

पहिला टर्मिओसचा, म्हणजे टर्मिनलच्या सेटिंग ठेवणाऱ्या स्ट्रक्चरचा. त्या नावाची दोन स्ट्रक्चरं आहेत. एक्स८६ वर कर्नेलचं ३६ बाइटचं, जीलिबसीचं ६० बाइटचं. दोन्हीची हेडरं एकत्र घेतली तर कंपायलर ओरडतो, आणि ते बरंच आहे. वाईट तेव्हा, जेव्हा एका फाइलमध्ये कर्नेलचं स्ट्रक्चर बनतं आणि दुसऱ्या फाइलमध्ये ते टीसीगेटअ‍ॅटरला दिलं जातं. २४ बाइट बाहेर सांडतात. साध्या कामाला टीसीगेटअ‍ॅटर आणि टीसीसेटअ‍ॅटरच वापरा, टीसीगेट्स थेट नको. कोष्टकाबाहेरचा बॉड रेट (सिरीयलचा वेग) हवा असेल तर टर्मिओस२ आणि बी-अदर लागतं. तो कोड स्वतंत्र सी फाइलमध्ये ठेवा, म्हणजे हेडरांची टक्कर होत नाही. २०२५ मध्ये आलेल्या जीलिबसी २.४२ मध्ये कुठलाही वेग थेट आकड्यानेच देता येतो. तिथे बी९६०० ची किंमत ९६०० झाली आहे, त्यामुळे जुने सांकेतिक आकडे कोडमध्ये लिहून ठेवलेले असतील तर ते आता गोत्यात येतील.

दुसरा वेळेचा. ३२ बिट मशीनवर २०३८ ची अडचण (३२ बिटात वेळ मावेनासा होण्याची) टाळायला मसलने १.२.० पासून वेळेचा टाइप टाइम-टी ६४ बिटचा केला. जीलिबसीमध्ये २.३४ पासून तो पर्याय म्हणून मिळतो. ज्या स्ट्रक्चरमध्ये वेळ आहे त्याचा आकार बदलला, म्हणजे नंबर बदलला. मसलचा आयऑक्टल अशा काही कमांडसाठी आधी नवा नंबर वापरून पाहतो, आणि ईनोटीटीवाय आला तर स्ट्रक्चर बदलून जुना नंबर पाठवतो. एस्ट्रेसमध्ये लागोपाठ दोन कॉल दिसतात, पहिला नापास आणि दुसरा पास. तो दोष नाही. त्याच्यामागे लागू नका.

तिसरा सी सोडून दुसऱ्या भाषेतून कॉल करणाऱ्यांचा. आयऑक्टल व्हेरिअ‍ॅडिक आहे, म्हणजे त्याच्या आर्ग्युमेंटची संख्या आणि टाइप पक्के ठरलेले नाहीत. एक्स८६-६४ लिनक्सवर ते साध्या तीन आर्ग्युमेंटचं फंक्शन म्हणून घोषित केलं तरी निभावतं, कारण रजिस्टर तीच वापरली जातात. अ‍ॅपलच्या आर्म मशीनवर व्हेरिअ‍ॅडिक आर्ग्युमेंट स्टॅकवरून जातात. तुमचा पॉइंटर रजिस्टरमध्ये राहतो, फंक्शन स्टॅकवरचा कचरा उचलतं आणि ईफॉल्ट, म्हणजे तोच चुकलेल्या पत्त्याचा एरर, येतो. घोषणा व्हेरिअ‍ॅडिक म्हणूनच करा. पायथॉनमध्ये सीटाइप्सच्या नादी लागण्यापेक्षा एफसीएनटीएल मॉड्यूलमधलं आयऑक्टल वापरा. त्याला बाइट्स दिलं तर उत्तर परत आलेल्या किमतीत मिळतं, बाइटअ‍ॅरे दिला तर जागच्या जागी. बाइट्स देऊन मूळ व्हेरिएबल बदलण्याची वाट बघत बसणारे पुष्कळ भेटतात.

## इथे थांबा

प्रोसेस "डी" अवस्थेत अडकली असेल तर ती कर्नेलच्या आत झोपली आहे आणि बाहेरून तिला उठवता येत नाही. रूट म्हणून प्रॉकमधली त्या प्रोसेसची स्टॅक फाइल वाचा. डीमेसेजमध्ये "१२० सेकंदांहून अधिक काळ अडकली" अशी ओळ आहे का ते बघा. दोन्ही जपून ठेवा आणि कर्नेल समजणाऱ्याकडे द्या. यूजरस्पेसमधून करण्यासारखं काही उरलेलं नाही.

डिस्कवर ईआयओ येतोय आणि कर्नेलच्या लॉगमध्ये वाचन-लेखनाचे एरर आहेत? पुन्हा पुन्हा कॉल करून बघू नका. त्या डिस्कवरचा डेटा महत्त्वाचा असेल तर मशीन बंद करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्या माणसाला गाठा. तसंच, ब्लॉक-डिस्कार्ड, एससीएसआय पासथ्रू आणि एनव्हीएमईच्या अ‍ॅडमिन कमांड चालू डिस्कवर "बघू काय होतंय" म्हणून चालवायच्या नसतात. नंबरमध्ये एक आकडा चुकला तर एरर येण्याऐवजी ती कमांड यशस्वी होऊ शकते.

डिव्हाइस मोटर, झडप, हीटर किंवा रुग्णाला लावलेलं उपकरण चालवत असेल तर अंदाजाने एकही कमांड पाठवू नका. आणि ड्रायव्हर बंदिस्त असेल, सोर्स नसेल, नंबर आणि स्ट्रक्चर हेडरशी जुळूनही नकार येत असेल, तर तो ज्याने बनवला त्याच्याकडेच जावं लागतं. जाताना एस्ट्रेसची ती नेमकी ओळ पाथसकट, स्ट्रक्चरचा साइझऑफ, कर्नेल आणि सी लायब्ररीच्या आवृत्त्या, बायनरी ३२ बिट की ६४ बिट, आणि त्याच क्षणाचा डीमेसेज एवढं बरोबर न्या. त्यातलं काही नसेल तर पलीकडचा माणूस पहिल्या उत्तरात तेच मागणार.